नात्याचा रकाना

माझं शिक्षण दुसरी पास. तिसरीत बसलो होतो, पण बापाने एका पावसाळ्यात मळ्यावर नेलं ते परत शाळेत काही धाडलं नाही. बायको चौथी शिकलेली. त्यामुळे घरात वाचायचं-लिहायचं काम तिचं आणि सही करायचं माझं, असा आमचा जन्मभराचा कारभार. ती गेल्यापासून दोन्ही कामं माझ्यावर आली आहेत. अक्षर वाकडं आहे, ते चालवून घ्या. मजकूर सरळ आहे.

आम्ही नाशिकचे माळी. मखमलाबाद रस्त्याला आमचा मळा होता. मेथी, कोथिंबीर, वांगी आणि बांधाच्या कडेने शेवंती. आता तिथे कॉलनी आहे आणि त्या कॉलनीत मीही एका बंगलीत राहतो. म्हणजे स्वतःच्याच शेतात मी आता सभासद आहे. मेथीच्या वाफ्यावर सेक्रेटरीचं घर आहे. हा सेक्रेटरी पुढे येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवलं.

गोष्ट माझ्या बायकोच्या भावाची आहे. तिला सख्खा भाऊ नव्हता. एक होता, तो देवीच्या साथीत लहानपणीच गेला. तिचं माहेर देवळालीच्या अलीकडे, वालदेवी नदीच्या काठाला. तिथे दोन घरं आणि मध्ये एक विहीर. एक घर तिच्या बापाचं, दुसरं एका बागवानाचं. बाप भाजी पिकवायचा, बागवान ती उचलून कॅम्पात गोऱ्या सोल्जरांना विकायचा. विहिरीवर दिवसाआड पाळी. पाळीवरून भांडण झालं की दोघे चार दिवस बोलायचे नाहीत, पण पाळी चुकायची नाही. भांडण भांडणाच्या जागी, पाणी पाण्याच्या जागी.

एका भाऊबीजेला ही पोरगी, सहा वर्षांची असेल, ओट्यावर बसून रडायला लागली. गावभरच्या पोरी भावाला ओवाळतात आणि मी कोणाला? आईने पाट मांडलेला, रांगोळी काढलेली, तिने कुंपणावरून हाक मारली. बागवानाचा पोरगा तिच्याहून दोन वर्षांनी मोठा. तो आला तो पेरू खातच आला.

आई म्हणाली, "औक्षणाला डोक्यावर टोपी लागते रे."

तो म्हणाला, "हाय की."

ती तर त्याच्या डोक्यावर बारा महिने असायची. आमच्यातल्या पोरांना भाऊबीजेला टोपी शोधायला लागते. तर असा तो पाटावर बसला, हिने कुंकू लावलं, ओवाळलं आणि तबकात घालायला खिशात काही नव्हतं म्हणून त्याने दुसऱ्या खिशातला पेरू घातला. तो पेरू हिच्याच बापाच्या झाडाचा होता. चोरून तोडलेला. हिला ते कळलं होतं. पण ओवाळणी ती ओवाळणी. तिने तो कोणाला फोड न देता एकटीने खाल्ला. पुढे तीन-चार वर्षं हाच रिवाज. तिच्या झाडाचे पेरू तिला, आणि वर तो ऐटीत म्हणायचा, "निवडून आणलाय."

मग स्वातंत्र्य मिळालं.

मी तेव्हा बारा वर्षांचा. गावात साखर वाटली हे आठवतं. वाटणी झाली हे नंतर कळलं. आता वाटणी म्हणजे काय ते माळ्याला कोणी शिकवायला नको. आम्ही तिघे भाऊ वेगळे झालो तेव्हा तलाठी आला, साखळी आणली, बांध घातला, आणि बांधावरच्या एका शेवग्यासाठी मधला आणि धाकटा एकमेकांच्या अंगावर विळा घेऊन धावले. पण आमच्यासारख्या अडाण्यांनीही विहीर समाईक ठेवली. सातबाऱ्यावर तिघांचीही नावं. देश वाटणारे तर बॅरिस्टर होते म्हणतात. मी एकदा बायकोला म्हणालो होतो, यांच्यात एखादा माळी बसवला असता तर निदान पाळी तरी ठरवली असती.

बागवान जाणार नव्हता. त्याला वालदेवी सोडून दुसरी नदी माहीत नव्हती. पण त्याचा थोरला भाऊ रेल्वेत. रेल्वेच्या माणसांना तेव्हा एक कागद दिला होता: इकडे राहता की तिकडे जाता, खूण करा. थोरल्याला कोणीतरी सांगितलं, तिकडे माणसं कमी आहेत, बढती लवकर मिळते. आणि नाही जमलं तर सहा महिन्यांत खूण बदलता येते. त्याने खूण केली. मग म्हातारी आई म्हणाली, माझे दोन्ही मुलगे एका छपराखाली पाहिजेत. झालं. एका कागदावरच्या एका खुणेमागे अकरा माणसं, दोन शेळ्या आणि पाच ट्रंका कराचीला गेल्या. शेळ्या मनमाडपर्यंतच गेल्या असं ऐकलं. सहा महिन्यांनी खूण बदलायची कोणाची टाप होती? तोवर इकडच्या घरात दुसरं बिऱ्हाड आलं होतं.

ते बिऱ्हाड सिंध्याचं. कराचीहून निघून, तिथे वाडवडिलांचं दुकान टाकून, बोटीने मुंबईला आणि तिथून देवळालीच्या निर्वासित छावणीत आलेलं. सरकारने त्यांना बागवानाचं रिकामं घर दिलं. म्हणजे हा तिथून इथे आणि तो इथून तिथे. दोघांनाही न विचारता कोणीतरी घरं बदलून दिली, जशी बाजारात एखादी बाई कोथिंबिरीची जुडी परत करून दुसरी घेते.

त्या वर्षी भाऊबीजेला पाट मांडला आणि त्यावर बसायला कोणी नाही. आईने मुलीला अंगणात नेलं आणि चंद्राला ओवाळायला लावलं. ज्या बाईला भाऊ नसतो ती चंद्राला ओवाळते, ही आपली रीत. तो बीजेचा चंद्र नखाएवढा असतो आणि घटकाभरात मावळतो. उशीर केला की गेला.

लग्न होऊन ती माझ्या घरी आली तेव्हा पहिल्याच दिवाळीला तिला तबक घेऊन अंगणात जाताना मी बघितलं. विचारलं, तर सगळी हकीकत सांगितली. मी तरुण होतो, तोंड तेव्हाही फाटकंच होतं. म्हणालो, "तुझा भाऊ आहे ना जिवंत, मग चंद्राला कशाला?"

"त्याला तिथूनही हाच दिसतो."

"बरंय. चंद्राला परवाना लागत नाही."

ती हसली नाही. मला वाटलं, विनोद कळला नाही. कळला होता. एवढ्या वर्षांत मी तोच विनोद दर भाऊबीजेला करत गेलो आणि ती दर भाऊबीजेला तो ऐकून घेत गेली.

*

स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा कॉलनीतल्या शाळेने मला भाषणाला बोलावलं. फाळणी बघितलेला माणूस हवा होता. मी म्हटलं, मी फाळणी नाही बघितली, मी मेथी बघितली. हेडमास्तर म्हणाले, तेच सांगा. मग मी उभा राहिलो आणि सांगितलं की बागवान गेला त्या हंगामात माझ्या सासऱ्याची मेथी उचलायला कोणी आलं नाही, ती वाफ्यातच पिवळी पडली, आणि सासरा बांधावर बसून देशाला शिव्या देत होता. कोणत्या देशाला ते त्यालाच माहीत नव्हतं. पोरं हसली. हेडमास्तरांनी माझ्यापुढचा माईक हळूच उचलला आणि शहिदांसाठी दोन मिनिटं उभं राहायला सांगितलं. नारळ मात्र दिला.

त्याच सुमाराला सिंधी शेठ आमच्या दारात आला. तोच, बागवानाच्या घरातला. तोही माझ्याएवढाच म्हातारा. हातात एक पाकीट, आधीच फोडलेलं.

"माफ करा वहिनी," तो म्हणाला, "माझ्या घरच्या पत्त्यावर आलं, मला वाटलं माझंच. मी उघडलं. उर्दूत आहे. मी वाचू शकतो, आमच्या शाळेत होतं."

पत्र हिच्या भावाचं. कराचीहून. पत्त्यावर फक्त एवढंच, की वालदेवीकाठचं विहिरीजवळचं घर, देवळालीच्या अलीकडे. आपल्याकडे कॉलनीच्या गेटवरच्या फलकावर नाव असूनही गॅसवाला चुकतो. हे पत्र पोचलं. शेठने ते आमच्या ओट्यावर बसून मोठ्याने वाचलं. वाचताना मध्येच थांबला, कारण त्यात कराचीच्या कुठल्या गल्लीचं नाव आलं आणि ती गल्ली त्याची निघाली.

पत्रात चौकशी एवढीच: विहीर आहे का, पेरूचं झाड आहे का, आणि माझी बहीण जिवंत आहे का.

तळाशी फोनचा नंबर होता. मग एसटीडी बूथवर जाऊन फोन. काचेच्या खोक्यात ही उभी, बाहेर मी. पन्नास वर्षांनी पहिल्यांदा भावाशी बोलणार, मला वाटलं रडेल. तिने फोनवर पहिलंच वाक्य ओरडून विचारलं, "अजून चोरतोस का रे?"

तेव्हापासून तिचं एकच. त्याने यायचं. भाऊबीजेला. आपल्या घरात, पाटावर.

*

आता हे वाटतं तेवढं सोपं नाही. दोन्ही देशांचं कधी जमायचं, कधी बिनसायचं. बिनसलं की आमच्या कॉलनीतही बिनसायचं. ब्याण्णव सालच्या गडबडीनंतर कॉलनीला गेट बसवलं होतं. गेटमुळे सेक्रेटरीला पद आलं आणि पदामुळे देशाची काळजी. जन्मात कधी ओझरच्या पुढे न गेलेला माणूस सकाळी दूध घेताना सीमेवरचे डावपेच समजावून सांगायचा. क्रिकेटची मॅच असली की हे सैन्य गच्चीवर जमायचं आणि जिंकलो की फटाके. हरलो की सेक्रेटरी गेटचं कुलूप तपासून यायचा.

काही वर्षांनी दोन्हीकडे जरा दिलजमाई झाली, आणि आम्ही कागद करायला घेतले. पद्धत अशी: इकडून आपण हमीपत्र द्यायचं, त्यावर एका मोठ्या साहेबाची सही घ्यायची, ते तिकडे पाठवायचं, तिकडे तो अर्ज करणार, आणि तो अर्ज फिरत फिरत इथे आमच्याच पोलीस चौकीवर चौकशीला येणार. म्हणजे आमची माहिती आम्हालाच विचारायला दोन देश कामाला लागणार.

हमीपत्रात एक रकाना होता. पाहुण्याचं तुमच्याशी नातं. बायकोने चष्मा लावून, पाटीवर गिरवावं तसं लिहिलं: मेहुणा. कंसात: पत्नीचा भाऊ.

हवालदार आला चार महिन्यांनी. मोटारसायकल उभी करून ओट्यावर बसला. पोरगा बरा होता.

"बाबा, हे नातं काय लिहिलंय?"

"मेहुणा."

"म्हणजे बायकोचा भाऊ?"

"आमच्यात तरी तसंच असतं. तुमच्यात वेगळं असतं का?"

"तुम्ही माळी ना?"

"माळी."

"आणि हा मुसलमान. पाकिस्तानचा."

"पाकिस्तानचा नंतर झाला. आधी वालदेवीचा होता."

त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. तेवढ्यात ही चहा घेऊन आली. पायांना सूज होती, भिंत धरून चालायची. म्हणाली, "तुम्हाला बहीण आहे का हो?"

"आहे ना मावशी. नामपूरला दिलीय. कांद्यात आहेत ते लोक."

"भाऊबीजेला जाता?"

"कुठलं जमतं? बंदोबस्त असतो. चार वर्षं झाली."

"बघा. सख्खा असून तुम्ही जात नाही, तुमची चौकशी नाही. माझा मानलेला यायचं म्हणतो, तर त्याची चौकशी."

हवालदार हसला. मग आवाज खाली करून मला म्हणाला, "बाबा, माझं ऐका. मित्र लिहा. मित्राला पुरावा लागत नाही. भाऊ म्हटलं की बापाचं नाव एक निघालं पाहिजे. इथे एक बाप देवळात जातो आणि एक मशिदीत. साहेब कागद परत टाकणार."

"मित्र यांचा असेल," ही आतून म्हणाली. कान तिचे शेवटपर्यंत चांगले होते. "यांनी तर त्याला कधी बघितलाही नाही."

कागद परत आला. शेरा होता: नाते स्पष्ट करावे.

दुसऱ्या वेळी मी हुशारी केली. कचेरीबाहेर टेबल टाकून बसणाऱ्या लिहिणाऱ्याकडून परस्पर 'मित्र' लिहून आणलं. घरी येऊन म्हटलं, मी सही केलीये, आता पाकिटात घाल. ती पाकिटात घालण्याआधी वाचायची. रेशनचं कार्डसुद्धा ती दर महिन्याला वाचायची. तिने 'मित्र' खोडलं आणि वर 'भाऊ' लिहिलं. मोठं. रकान्याच्या बाहेर गेलं.

मी चिडलो. "अगं, तुला तो इथे यायला हवाय की कागदावर हवाय?"

"दोन्हीकडे."

"ते होणार नाही."

"मग त्यांना सांगा, कागद मोठा करा."

मी म्हटलं, मर मग वाट बघत. हे मी म्हटलं. लिहायला हवं म्हणून लिहितो.

त्यात सोसायटीची मीटिंग. कुठून तरी बातमी गेली की आपल्या कॉलनीत पाकिस्तानी येणार. सेक्रेटरी उभा राहिला. "प्रश्न सुरक्षेचा आहे," म्हणाला. "असा माणूस येऊन सगळं बघून जाईल."

मी म्हटलं, "काय बघेल? पाण्याची टाकी? ती गळते. ते तर आम्हीच चार वर्षं बघतोय."

"बाबा, विषय गंभीर आहे."

"मग टाकी झाका."

ठराव झाला की पाहुणा आला तर गेटवर वहीत नोंद करावी. एकमताने. मीही हात वर केला. गेटवर वहीच नव्हती, ती आणायचं दुसऱ्या मीटिंगवर गेलं.

त्या वर्षीची दिवाळी मात्र सांगण्यासारखी झाली. रमझान आणि दिवाळी असे जुळून आले की ईदचा चंद्र आणि भाऊबीजेचा चंद्र एकाच संध्याकाळी. मी हिला धरून धरून गच्चीवर नेलं. गेटच्या पलीकडच्या रस्त्याला फळांच्या गाड्या लावणारे बागवान राहतात, ते सगळे बायकापोरांसह रस्त्यावर उभे, तोंडं वर, पश्चिमेकडे. आणि गच्चीवर ही, तबक घेऊन, तोंड वर, पश्चिमेकडे. ढग होता. दोन्हीकडे शोधाशोध चालू. तिचे डोळे अधू झालेले, मलाही दिसेना. अचानक खालून एक पोरगी ओरडली, "वो रहा! टंकी के बाजू में!"

हिने टाकीच्या बाजूला बघितलं आणि ओवाळायला लागली. खाली ते लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. सेक्रेटरी त्याच्या गच्चीवरून दोन्हीकडे बघत होता. कोणाला अडवावं ते त्याला सुचेना.

मी तोंड उघडलं, माझा विनोद करायला. केला नाही. तेवढी एक भाऊबीज मी गप्प होतो, हे आता बरं वाटतं.

*

दुसरा कागद अकरा महिने पडून राहिला. श्रावणात ती गेली. किडन्या. शेवटच्या आठवड्यात तिने मला विचारलं, "उत्तर आलं का?" मी म्हटलं, "येतंय." खरं म्हणजे उत्तर आधीच आलेलं होतं. पुन्हा तोच शेरा. मी ते गादीखाली ठेवलं होतं. तिच्याच गादीखाली.

दिवस झाले, माणसं गेली. मग मी नवीन कागद आणला. नात्याच्या रकान्यापाशी आलो आणि माझ्या हाताने, माझ्या दुसरी पास अक्षरात लिहिलं: मित्र. वाचून खोडणारं कोणी नव्हतं.

तीन महिन्यांत शिक्का बसला.

माघ महिन्यात तो आला. परवाना नाशिक शहरापुरता. देवळाली लष्कराची छावणी, तिथे जायला मनाई. गाडी मनमाडकडून येते, नाशिकरोड आधी आणि देवळाली पुढचंच स्टेशन. म्हणजे साठ वर्षांनी घरी निघालेला माणूस घराच्या एक स्टेशन आधी उतरला. मी फलाटावर उभा होतो. ओळखू कसा, ही काळजी होती. डब्यातून एक वाळका म्हातारा उतरला, टोपी घातलेला, आणि पाठमोरा होऊन निघालेल्या गाडीकडे बघत राहिला, ती देवळालीकडे जाईपर्यंत. मग मला कळलं.

"दाजी?" तो म्हणाला.

त्याचं मराठी साठ वर्षं कपाटात ठेवल्यासारखं होतं. माझ्या सासऱ्याचं बोलणं जसंच्या तसं. "मोट अजून हाय का? पायलीला काय भाव?" माझी सून म्हणाली, यांचं मराठी तर आपल्याहून जुनं आहे. म्हटलं, वापरलं नाही ना.

चौकीवर हजेरी लावायची होती. तोच हवालदार. त्याने कागद बघितला, रकान्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं.

"मावशी?"

"श्रावणात गेली."

त्याने वहीत 'मित्र' लिहिलं.

संध्याकाळी सिंधी शेठ भेटायला आला. एकाच घरात आगेमागे राहिलेले दोघे समोरासमोर बसले. शेठ म्हणाला, "ती पश्चिमेची भिंत अजून ओल धरते."

"आमच्या बापानं तीनदा लिंपली. ती भिंत कोनाचं ऐकत नाय."

"मी पाच वेळा."

"आनि मागचं दार?"

"उचलून लावावं लागतं."

"अजून?" त्याला फार आनंद झाला. मग शेठने त्याला विचारलं, तिकडे संध्याकाळी समुद्राचा वारा गल्लीत शिरतो का. तो म्हणाला, शिरायचा, आता मध्ये बिल्डिंगी आल्यात. शेठने मान हलवली आणि चहाची बशी ओठाला लावली, ती रिकामी होती तरी लावून ठेवली.

सेक्रेटरीही आला. सुरक्षेसाठी. पाव तास बसला, देशाबद्दल बोलला, आणि निघताना पाहुण्याला जवळ घेऊन विचारलं, "तुमच्याकडे बंगल्याच्या प्लॉटला काय रेट चाललाय?" उत्तर ऐकून म्हणाला, "म्हणजे आपल्यासारखंच आहे की!" गेला तो खूश होऊन.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला तिच्या फोटोसमोर नेलं आणि सांगून टाकलं. की तिने भाऊ लिहिलं, दोनदा, आणि दोनदा परत आलं. मी मित्र लिहिलं आणि तुम्ही आलात. हे मी आधी तिच्या चोरून केलं असतं, पाकीट तिच्या हाताला लागू दिलं नसतं, तर तुमची भेट झाली असती.

तो फोटोकडे बघत म्हणाला, "तिला कळलं असतं तर?"

"तर तिने तुम्हाला दारातून परत पाठवलं असतं. आधी कागद बदलून आण म्हणाली असती."

"मग ती असतानी मी येनारच नव्हतो, दाजी."

मी फोटोची काच बाहीने पुसली.

मग तोच म्हणाला, "पाट हाय का?"

पाट होता. माळ्यावरून काढला. भाऊबीज होऊन तीन महिने झाले होते, माघातली साधी सकाळ. सून म्हणाली, बाबा, मी ओवाळते. मी नको म्हटलं. का ते मला सांगता येणार नाही. निरांजन लावलं, तबकात सुपारी, अक्षता, कुंकू. तो पाटावर बसला, डोक्यावर टोपी होतीच. मी कुंकू लावलं ते नाकापर्यंत आलं. ओवाळायला लागलो तर हात कोणत्या बाजूने फिरवायचा तेच आठवेना. जन्मभर बघितलं होतं, लक्ष दिलं नव्हतं. बोटाला चटका बसला. तो पाटावर बसून हसायला लागला, मीही हसायला लागलो, आणि नेमका तेव्हा हवालदार फाटकातून आत आला, पाहुणा जागेवर आहे का बघायला.

दोन म्हातारे, एक पाटावर, एक आरती ओवाळतोय. तो दारातच थांबला.

"बाबा, हे काय चाललंय?"

"चौकशी," मी म्हटलं. "बसा."

तो बूट काढून बसला. माझा मेहुणा पाटावरून उठला, खिसे चाचपले, आणि म्हणाला, थांबा. परसात गेला. परसात पेरूचं झाड आहे, तिने माहेरचं रोप आणून लावलेलं. तिथून तो काही वेळाने आला, टोपीला पान चिकटलेलं, आणि तबकात एक पेरू ठेवला.

"निवडून आनलाय," तो म्हणाला.

हवालदाराने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "चोरी आहे. नोंद करायची असेल तर करा."

त्याने केली नाही.

पाहुणा आठ दिवसांनी गेला. गाडी परत मनमाडकडे, म्हणजे देवळालीला पाठ करूनच. पेरू मी तिच्या फोटोपुढे ठेवला होता. सून म्हणाली, बाबा, नासेल, कापू का सगळ्यांना? मी म्हटलं, तिची ओवाळणी आहे, ती कोणाला फोड देत नव्हती.

दोन दिवस तसाच ठेवला. मग मी खाल्ला. एकट्याने. ती असती तर मलाही मिळाला नसता. कच्चा होता.